गुरू कधी रेखीव, कधी धूसर: स्वस्त परावर्ती दुर्बिणीचं दुखणं शोधायचं कसं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दात येते: "धूसर दिसतंय." साडेचार किंवा पाच इंची न्यूटोनियन दुर्बीण, सोबत आलेले २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस (डोळ्यापाशी लावायची भिंगं) आणि एक बार्लो (प्रतिमा आणखी मोठी करणारं जोडभिंग). २५ च्या आयपीसमधून चंद्र सुरेख दिसतो. गुरूवर १० चा आयपीस लावला की कडा विरघळतात, बार्लो घातली की पट्टेही जातात आणि नुसता पांढरा गोळा उरतो. मग एखाद्या रात्री दोन्ही पट्टे अचानक स्वच्छ दिसतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच गोळा.

असं येणं-जाणं हाच पहिला पुरावा धरा. आरसा वाईट घासलेला असेल, तर तो दर रात्री वाईटच असतो. जे दुखणं येतं आणि जातं, ते बहुधा हवेत, काचेतल्या उष्णतेत किंवा ढिल्या स्क्रूंमध्ये असतं. चार-पाच वेगवेगळ्या कारणांना आपण 'धूसर' हे एकच नाव देतो, म्हणून एक उपाय एकदा लागू पडतो आणि पुढच्या वेळी पडत नाही. ही कारणं वेगळी करणारी एक फुकटची चाचणी आहे: एका ताऱ्यावर दुर्बीण रोखून फोकस मुद्दाम जरासा बिघडवायचा आणि दिसणारी चकती नीट पाहायची. नवा आयपीस मागवण्याआधी हे करा. सोबतच्या आयपीसना शिव्या घालणं सोपं आहे (आणि त्या बऱ्याचदा रास्तही असतात), पण मुळात आरसा तिरका बसला असेल तर महागडा आयपीस तो तिरकेपणाच जास्त स्पष्ट दाखवतो.

त्याआधी अपेक्षा तपासून घ्या. १३० मिलिमीटर व्यास आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीत १० चा आयपीस ६५ पट मोठं दाखवतो. दुपटीची बार्लो लावली की १३० पट. गुरू ४५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असताना १३० पटीला तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या साधारण तिप्पट मोठा दिसतो. पट्टे दिसायला एवढं पुरेसं आहे. फोनच्या पडद्यावरचे रंगीत फोटो मात्र हजारो फ्रेम एकत्र करून बनवलेले असतात; डोळ्याला तसं कधीच दिसत नाही. शनीबाबत आणखी एक गंमत आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच्या कड्यांची पातळी पृथ्वीवरून नेमकी धारेने आली होती आणि त्यानंतरही बराच काळ कडी सुईसारखी बारीक दिसत राहिली. त्या काळात दुर्बीण घेतलेल्या कितीतरी जणांनी आरशाला दोष दिला असेल. बिचाऱ्या आरशाचा त्यात काही संबंध नव्हता.

तारा कोणता निवडायचा

दुर्बिणीच्या माहितीपत्रकांत ध्रुवतारा वापरा असं सांगितलेलं असतं, कारण तो जागचा हलत नाही आणि ज्या दुर्बिणीला मोटर नाही तिला ते सोयीचं असतं. हा सल्ला युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवरून आलेला आहे. ध्रुवाची उंची म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश: पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस. एवढ्या खाली पाहताना आपण डोक्यावरच्या हवेच्या सुमारे तिप्पट जाडीतून बघत असतो. तिथे दर रात्री सगळंच उकळताना दिसतं आणि निर्दोष दुर्बिणीलाही नापास करावं लागतं.

त्याऐवजी साठ-सत्तर अंश वर आलेला, साधारण दुसऱ्या प्रतीचा एकटा तारा घ्या. पावसाळा सरल्यावर भाद्रपदा चौकोनातले तारे, हिवाळ्यात पुनर्वसूतला पोलक्स, मार्च-एप्रिलमध्ये मघा किंवा उत्तरा फाल्गुनी. पोलक्सचा शेजारी कॅस्टर इथे नको, तो जोडतारा आहे. त्याचं काम पुढे येईल. स्वाती आणि व्याध इतके तेजस्वी आहेत की झगमगाटात बारकावे हरवतात. अगदी डोक्यावरचा ताराही टाळा, कारण डॉब्सनियन बैठक (आडवी गोल आणि वर-खाली फिरणारी साधी बैठक) तिथे वळवताना जीव मेटाकुटीला येतो.

वर्धन १३० ते १५० पट ठेवा. मोटर नसेल तर एवढ्या वर्धनाला तारा आयपीसच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सव्वा-दीड मिनिटात सरकतो. म्हणून तो दर वेळी मध्यावर आणूनच निर्णय घ्या. पाच इंची एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियनमध्ये कडेचा प्रत्येक तारा शेपूट फुटल्यासारखा दिसतो. तो दोष नव्हे, त्या रचनेचा गुणधर्म आहे.

आता फोकसची मूठ फिरवून फोकस थोडा आत, मग थोडा बाहेर न्या. चार-पाच वर्तुळाकार कडी दिसतील आणि मध्ये काळा ठिपका: ती नळीच्या तोंडाशी तिरका बसवलेल्या छोट्या, दुय्यम आरशाची सावली. फोकस फार बिघडवू नका. एफ/५ मध्ये दुय्यम आरसा रचनेतच किंचित सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे चकती खूप फुगवली तर सावली एका बाजूला झुकलेली दिसते. नवशिके नेमकी तीच 'दुरुस्त' करायला जातात आणि नीट असलेली दुर्बीण बिघडवून बसतात.

चकती हलते आहे

कडी गोल आहेत, सावली मध्यावर आहे, पण सगळं थरथरतंय. मग दुखणं हवेचं आहे, फक्त कुठल्या हवेचं ते ओळखायचं. चकतीच्या आत एका बाजूने वर सरकणारे संथ, जाड लोट दिसले तर उष्णता नळीतच आहे. ती कशी दिसते हे एकदा पाहायचं असेल, तर कुणाला तरी नळीच्या तोंडासमोर हात धरायला सांगा. हातावरून चढणारी गरम हवा चकतीत स्पष्ट वळवळते. तीच वळवळ हात काढल्यावरही दिसत राहिली, तर ती आरशावरून उठते आहे. याउलट बारीक, वेगवान, सबंध चकतीवरून एका दिशेला वाहणारी लहर असेल तर ती वरच्या वातावरणाची. त्या रात्री वर्धन ८०-१०० वर आणून तारकागुच्छ बघावेत, स्क्रूंना हात लावू नये.

नळीतल्या उष्णतेवर उपाय म्हणजे वाट पाहणं. पाच इंची आरशाला पाऊण तास बाहेर ठेवा. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे घरात पंचवीस आणि बाहेर बारा-पंधरा अंश असतात, तेव्हा त्याहूनही जास्त लागू शकतो. काही स्वस्त नळ्यांच्या मागे आरशाचे स्क्रू झाकणारी पत्र्याची थाळी असते. ती काढून ठेवली की हवा खेळते. संगणकातला बारा व्होल्टचा छोटा पंखा मागे रबरबँडने टांगला तर वेळ बराच कमी होतो.

कोकणात आणि मुंबईत गोष्ट उलटी होते. एसीच्या खोलीतून काढलेली दुर्बीण दमट हवेत नेली की आरशावर दव धरतं आणि तारे ढगाआड गेल्यासारखे दिसतात. पुसू नका, अजिबात. नळीची टोपी लावून तासभर आधी एसीबाहेर ठेवली की प्रश्नच येत नाही.

आणि गच्ची. आपल्याकडे आकाशदर्शन म्हटलं की सगळे गच्चीवर जातात, पण दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. डांबरी रस्त्यावर दुपारी हवा थरथरते, तेच इथे रात्री चालू असतं, फक्त अंधारात आपल्याला ते दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: घरामागे परसात मातीची किंवा गवताची जागा असेल, तर आकाश थोडं कमी दिसलं तरी ग्रहांसाठी तीच घ्या. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर संध्याकाळी पाणी मारा, ग्रह शेजारच्या पत्र्याच्या छपरावर किंवा एसीच्या बाहेरच्या पेटीवर असताना पाहू नका आणि खरं निरीक्षण उत्तररात्रीसाठी राखा. खिडकीच्या काचेतून किंवा उघड्या खिडकीतून पाहणाऱ्यांना काय सांगावं?

एक गोष्ट अनेकांना पटत नाही: तारे लखलख लुकलुकत असतात ती कोरडी, काचेसारखी स्वच्छ रात्र ग्रहांसाठी बरेचदा वाईट निघते आणि किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री गुरू कोरल्यासारखा दिसतो.

सावली एका बाजूला झुकली आहे

हे कॉलिमेशनचं, म्हणजे दोन्ही आरसे एकमेकांशी नीट जुळवून बसवण्याचं दुखणं, आणि 'परत परत धूसर' या तक्रारीचं सर्वांत मोठं मूळ. एफ/५ दुर्बिणीत शेपूट न फुटता तारा नीट दिसेल असा मधला भाग जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा असतो. एफ/८ मध्ये तोच अकरा मिलिमीटर. म्हणजे ११४ मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची जुन्या धाटणीची लांब नळी गाडीतून धक्के खात आणली तरी चालून जातं, आणि आटोपशीर १३०/६५० ला मात्र तेवढ्याने ताप येतो. घेताना हे कुणी सांगत नाही.

दिवसा करायचं काम असं. नळी आडवी ठेवा. उभी ठेवून दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवताना ॲलन की हातातून निसटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. फोकसरच्या (आयपीस बसवायच्या सरकत्या नळीच्या) तोंडाला मध्यभागी बारीक भोक असलेली टोपी लावा. दुय्यम आरसा फोकसरखाली गोल आणि मध्यावर दिसला पाहिजे. मग त्याचे तीन छोटे स्क्रू फिरवून मुख्य आरसा संपूर्ण, तिन्ही क्लिपांसकट, त्यात दिसू द्या. शेवटी नळीच्या मागचे स्क्रू फिरवून मुख्य आरशावरची मधली खूण टोपीच्या भोकाच्या प्रतिबिंबावर आणा. खूण नसलेले आरसेही येतात; तेव्हा दिवसाचं काम अंदाजापुरतं ठेवा आणि शेवटचा हात ताऱ्यावर फिरवा.

ताऱ्यावर फक्त मागचे स्क्रू. एक स्क्रू एक अष्टमांश फेरा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, चकती पाहा. सावली आणखी झुकली तर उलट फिरवा, फरक पडला नाही तर पुढचा स्क्रू घ्या. मागे सहा स्क्रू असतील तर तीन हलवणारे आणि तीन कुलपाचे. कुलपाचे सैल न करता हलवणारे पिळले तर प्लास्टिक चिरतं. लेझर कॉलिमेटर स्वस्तात मिळतो, पण तो फोकसरमध्ये गोल फिरवल्यावर ठिपका आरशावर वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे.

आता मूळ प्रश्न: नीट केलेलं कॉलिमेशन का टिकत नाही? तारा तीस अंशांवर असताना चकती पाहा आणि मग सत्तर अंशांवरचा तारा घेऊन पुन्हा पाहा. सावली जागा बदलत असेल तर काहीतरी ढिलं आहे, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी ती तात्पुरती मलमपट्टीच ठरेल. संशयित तीनच. आरशामागच्या स्प्रिंगा मऊ असतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या, त्याच मापाच्या कडक स्प्रिंगा टाकल्या की फरक जाणवतो. दुय्यम आरशाची प्लास्टिकची दांडी हलत असेल, तर स्क्रूंची टोकं प्लास्टिकमध्ये खड्डे पाडत असतात. मध्ये स्टीलचा वॉशर घाला. तिसरा आणि सगळ्यांत दुर्लक्षित संशयित म्हणजे फोकसर. आयपीस बोटाने हलवून पाहा, प्रतिमा उडी मारते का? दात्यांच्या फोकसरमध्ये तळाचे बारीक स्क्रू थोडे आवळायचे, आट्यांच्या फोकसरमध्ये आट्यांवर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे. दहा-वीस रुपयांत निम्मी तक्रार मिटते.

चकती गोलच नाही

त्रिकोणी, किंवा तीन कोपरे बाहेर आल्यासारखी दिसली तर आरसा क्लिपांमध्ये चिमटला आहे. कारखान्यात वाहतुकीच्या भीतीने क्लिपा गच्च आवळतात. पेन्सिलीने आधी नळीवर आणि आरशाच्या बैठकीवर खूण करा, बैठक बाहेर काढा, आणि क्लिप व काच यांत कागदाची चिठ्ठी सरकेल एवढी फट ठेवा. दुर्बीण हलवल्यावर आरसा किंचित वाजला तर घाबरू नका, वाजायलाच हवा. थंडीच्या रात्रीच त्रिकोण दिसत असेल तरी हेच कारण असू शकतं. धातूची बैठक काचेपेक्षा जास्त आकसते.

चकती लंबगोल असेल आणि फोकसच्या आतून बाहेर गेल्यावर लंबगोलाची दिशा काटकोनात फिरत असेल, तर तो दृष्टिवैषम्याचा दोष आहे. कुणाचा? आधी मान तिरकी करून पाहा. लंबगोल मानेबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा, चष्मा लावून बघा. आयपीस फिरवल्यावर फिरला तर आयपीसचा. दोन्हीही नसेल तर आरशाचा. त्यात पुन्हा दुय्यम आरसा गोंदाने किंवा स्क्रूने ताणला गेल्याची शक्यता मुख्य आरशाइतकीच असते.

आत एक, बाहेर दुसरं

फोकसच्या एका बाजूला बाहेरचं कडं लख्ख आणि ठसठशीत, दुसऱ्या बाजूला तेच विरलेलं व मधला भाग उजळ, असं दिसलं तर आरशाच्या आकाराचीच शंका घ्यायची. पण आरसा पूर्ण थंड झाल्यावर, आणि दोन-तीन वेगवेगळ्या रात्री. गरम आरसा हाच देखावा खोटा उभा करतो.

इथे थोडा हिशेब कामाचा आहे. न्यूटनच्या रचनेला अन्वस्त (पॅराबोलिक) आरसा लागतो, पण घासायला सोपा आणि स्वस्त असतो तो गोलीय. ११४ मिलिमीटर एफ/८ ला गोलीय आरसा चालतो, कारण त्याची चूक प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या आत राहते आणि ग्रह नीट दिसण्यासाठी रूढ असलेली मर्यादा तीच आहे. १३० मिलिमीटर एफ/५ ला गोलीय आरसा लावला तर चूक जवळपास अख्ख्या तरंगलांबीची होते. अशी दुर्बीण ६५ पटीच्या वर कधीच रेखीव दाखवणार नाही. म्हणून १३०/६५० घेताना वर्णनात 'पॅराबोलिक' हा शब्द शोधा.

आणखी एक जात आहे: नळी अर्ध्या मीटरची आणि वर छापलेलं नाभीय अंतर १००० मिलिमीटर. फोकसरच्या आत एक भिंग बसवून ते अंतर वाढवलेलं असतं. मुख्य आरसा गोलीय, आणि त्याची चूक त्या भिंगाने सुधारायची अशी योजना. भिंग उत्तम असेल तर ती चालतेही, स्वस्तात मात्र क्वचितच. यात लेझर त्या भिंगातून गेला की वाट चुकतो, त्यामुळे कॉलिमेशन करताना भिंग काढावं लागतं. असली दुर्बीण हातात असेल तर ४० ते ८० पटीत चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ मजेत बघा. स्क्रू पिळून ती ग्रहांची दुर्बीण होणार नाही.

हे पटकन पाहून घ्या

नळीला हलकी टिचकी मारा. प्रतिमा स्थिर व्हायला तीन-चार सेकंद लागत असतील तर तो धूसरपणा नसून थरथर आहे. तिपाईचे पाय आत सारून बुटके करा, मध्यभागी वाळूची पिशवी टांगा. विषुववृत्तीय माउंट (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) आपल्या अक्षांशाला इतका खाली झुकतो की वजनाची दांडी काही वेळा पायाला अडते. तिपाई थोडी फिरवून पायांची दिशा बदलून पाहा. फोकस येतच नसेल तर सव्वा आणि दोन इंची असे दोन्ही ॲडॅप्टर एकावर एक लावले आहेत का ते तपासा. टॉर्चच्या उजेडात आरसा धुळीने भयंकर दिसतो. तेवढ्या धुळीने काही बिघडत नाही. पावसाळ्यानंतर आयपीसच्या भिंगात जाळीदार डाग दिसले तर ती बुरशी, आणि तिने गुरूच्या पट्ट्यांचा उठाव खरोखर जातो. जून ते सप्टेंबर आयपीस सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा.

सगळं जमलं की जोडतारे तपासायला घ्या. सप्तर्षीतला वसिष्ठ, नुसत्या डोळ्यांना दिसणारी अरुंधती सोडून, स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. चौदा विकला अंतर असल्याने तो कुठल्याही अवस्थेत फुटेल. कॅस्टर साडेपाच विकलांच्या आसपास: शंभर पटीला दोन स्वच्छ ठिपके, मध्ये काळी फट दिसली पाहिजे. अभिजितशेजारचा दुहेरी जोडतारा म्हणजे खरी परीक्षा. त्यातल्या दोन्ही जोड्या सव्वादोन-अडीच विकलांच्या आत आहेत. १३० मिलिमीटर आरशाची सैद्धांतिक क्षमता ०.९ विकला असल्याने शांत रात्री, दीडशे पटीला, चारही तारे सुटे दिसायलाच हवेत.

दिसत नसतील आणि आरसाच दोषी आहे अशी खात्री वाटत असेल, तर आणखी एक डोळा घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, आयुका या खगोलसंशोधन संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतलेल्या आहेत, आणि आरसे घासणारी हौशी मंडळी बऱ्याच शहरांत भेटतात. त्यांच्याकडे फूकोच्या पद्धतीने, म्हणजे दिवा आणि दाढीच्या पात्याने, आरसा तपासायची सोय असते. विक्रेत्याकडे बदलून मागायची असेल तर मुदत संपण्याआधी मागा आणि नुसतं 'धूसर' लिहू नका. तारा मध्यावर ठेवून फोकसच्या आतला एक आणि बाहेरचा एक असे दोन फोटो आयपीसला फोन लावून काढा, आरसा किती वेळ बाहेर ठेवला होता ते लिहा, वर्धन लिहा, आणि तारा किती उंचीवर होता तेही.